चार पेन्सचं बदक

नाताळच्या सकाळी जेबेझ थर्कल यांना जाग आली तेव्हा दुसरी खुर्ची शेगडीजवळ होती.

ही खुर्ची अकरा वर्षं भिंतीला पाठ टेकून उभी असे. थर्कल एकटे राहत, एकाच खुर्चीवर बसत, आणि दुसरी उगाच झिजायला नको म्हणून तिची धूळसुद्धा लांबूनच फुंकत. ती ऊब शोधत आपण होऊन शेगडीजवळ गेली म्हणावं, तर शेगडीत विस्तव कुठं होता? बेलरोप लेनमध्ये मेणबत्त्यांची वखार चालवणारा हा माणूस रात्री अंधारातच जेवायचा. तोंड कुठं आहे ते हाताला ठाऊक असतं, त्याला उजेड कशाला, असं त्यांचं म्हणणं. कंजूष माणूस उष्ट्या हातानं कावळा हाकत नाही म्हणतात. थर्कलांचं तसं नव्हतं. ते हाताला उष्टं राहूच देत नसत.

म्हणजे रात्री डॉर्कस आली होती, ते खरं होतं.

डॉर्कस ही त्यांची बायको. वारली त्याला अकरा वर्षं झाली. काल रात्री ती दार न उघडताच आत आली, खुर्ची ओढून बसली, जुनी करडी शाल अंगाभोवती घट्ट केली आणि म्हणाली, "अजून पेटवत नाही वाटतं?"

"तुला आता थंडी वाजत नसेल," थर्कल पांघरुणातून म्हणाले. भुताशी काय बोलावं याचा त्यांना सराव नव्हता.

"वाजत होती तेव्हा तरी कुठं पेटवत होतात? ते राहू द्या. ऐका, मिस्टर थर्कल. वर तुमच्या नावाचं एक पान आहे. डावीकडे घेतलेलं, उजवीकडे दिलेलं. उजवी बाजू कोरी करकरीत. आणि बायको म्हणून माझं नाव त्याच पानावर. तुमच्यापायी अकरा वर्षं मी दारात ताटकळते आहे."

"मग मी काय करू?"

"उद्या गल्लीतला दिवा लागायच्या आत कुणाला तरी काहीतरी फुकट द्या. अगदी फुकट. आणि घेणाऱ्याचा चेहरा खुलला पाहिजे. तोंडदेखलं नको."

"नाही जमलं तर?"

"तर दर नाताळाला, दिवा लागला की मी इथं येऊन बसणार. आणि बोलणार. बावीस वर्षांच्या संसारात बोलायचं राहिलं ते सगळं."

पांघरूण पातळ असूनही थर्कलांना घाम फुटला. "आणि जमलं तर?"

"सुटले मी. आणि तुम्हीही सुटलात," असं म्हणून ती गेली. खुर्ची मात्र जागेवर ठेवून गेली नाही. ती सवय तिला आधीपासून नव्हती.

थर्कलांनी खुर्ची उचलून भिंतीला लावली, मग का कोण जाणे, पुन्हा थोडी पुढे ओढली, आणि कामाला लागले. फुकट म्हणाली होती. महाग म्हणाली नव्हती. त्यांनी वखारीतली एक मेणबत्ती घेतली, जराशी वाकलेली, आणि खाली रस्त्यावर आले. खांबाला शिडी लावून बार्नी रात्रीचा दिवा विझवत होता.

"बार्नी, ही घे. फुकट."

बार्नी दोन पायऱ्या उतरला. त्यानं मेणबत्ती हातात घेतली, उलटी केली, वास घेतला. "काय बिघडलंय हिच्यात?"

"काही नाही. नाताळ आहे."

"नाताळ गेल्या वर्षीही होता," बार्नी म्हणाला. "वात आहे ना आत? का नुसतीच चरबी?"

"वात आहे रे बाबा."

"मग मला का देताय?" त्यानं मेणबत्ती खिडकीच्या कट्ट्यावर अलगद ठेवली, जशी चावेल की काय. "साहेब, मी बायकापोरांचा धनी आहे. मला कशात गुंतवू नका." शिडी खांद्यावर टाकून जाता जाता तो म्हणाला, "आणि लवकर घरी जा. नदीकडून धुकं येतंय. असंच उतरत राहिलं तर आज तीनलाच दिवे लावावे लागणार."

थर्कलांनी पाच वाजेपर्यंतची मुदत धरली होती. ती बसल्याजागी दोन तासांनी आटली.

वाकड्या मेणबत्तीनं कुणाचा चेहरा खुलणार नाही, एवढं त्यांना कळून चुकलं. चेहरा कशानं खुलतो? खाण्यानं. नाताळच्या दिवशी गल्लीत कुणाचा चेहरा कशानं खुलतो? बदकानं. आणि बदक परवडत नाही असा माणूस कोण? हे उत्तर त्यांना चटकन मिळालं, कारण त्या माणसाचा पगार तेच देत होते. एडविन स्पर्लिंग, त्यांचा कारकून. चौदा वर्षं वखारीत मान खाली घालून लिहीत होता. हिवाळ्यात शाई गोठली की दौत काखेत धरून वितळवायचा, पण कोळसा मागायचा नाही.

क्विलच्या दुकानात एकच बदक उरलं होतं. लठ्ठ, पांढरंफेक, मान खाली टाकून टांगलेलं.

"हे केवढ्याला?"

"आठ शिलिंग," क्विल म्हणाला. खरी किंमत सात. एक शिलिंग त्यानं थर्कलांसाठी म्हणून वर चढवला होता. तो उतरवण्यात दोघांचा अर्धा तास जायचा, असा वीस वर्षांचा रिवाज होता.

"दे."

क्विलनं बदकाकडं पाहिलं. मग थर्कलांकडं पाहिलं. मग पुन्हा बदकाकडं, जणू त्याच्यात आपल्या नजरेतून काहीतरी सुटलं होतं. "साहेब, तुम्ही काही म्हणाला नाहीत."

"दे म्हणालो."

"तसं नव्हे. दरोडेखोर, गळेकापू, असं काही?"

"वेळ नाही मला."

"हां," क्विल सावध झाला. "तसं हे बदक विकायचं नव्हतंच. नऊ शिलिंग."

"बरं, नऊ."

आता मात्र क्विल घाबरला. त्यानं पुढं आलेलं एक-एक नाणं दातानं चावून पाहिलं. सगळी चांगली निघाली, त्यानं तो जास्तच बिथरला. "हे बघा," तो हळू आवाजात म्हणाला, "सात घेतो. हे दोन परत घ्या, आणि कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका." अशा रीतीनं आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता थर्कलांना माल वाजवी दरात मिळाला. एरवी या गोष्टीवर त्यांनी आठवडाभर विचार केला असता.

बदक काखेत मारून ते हॉस्किनच्या बेकरीत पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि गल्ली सगळी चर्चमध्ये होती. बेलरोप लेनमध्ये कुणाच्याच घरी भट्टी नाही. चहाचं आधण येईल एवढी चूल, तेवढीच. त्यामुळे नाताळचं जेवण हॉस्किनच्या भट्टीत भाजायचं. सकाळी आपापलं ताट नेऊन द्यायचं, बारा पेन्सांचा एक शिलिंग, त्यातले दोन पेन्स टेकवायचे, पत्र्याचा नंबराचा बिल्ला घ्यायचा. त्याच नंबराचा दुसरा बिल्ला ताटाला खोचला जातो. चर्च सुटलं की बिल्ला दाखवून ताट घरी. पंचवीस वर्षं हे चाललं होतं आणि कुणाचं बटाट्याचं सालसुद्धा इकडचं तिकडं झालं नव्हतं. हॉस्किन म्हणायचा, नावात माणूस खोटं बोलतो, नंबर बोलत नाही.

"भट्टी गच्च भरलीय," हॉस्किन घाम पुसत म्हणाला. "एक आत घालायचं तर एक बाहेर काढावं लागेल."

"स्पर्लिंगांचं कुठलं?"

"एकेचाळीस. मटणाचा खांदा आहे. खांदा कसला, कोपर म्हणा. खाली बटाटे."

"ते काढ. त्या जागी हे ठेव. बिल्ला एकेचाळीसच राहू दे."

हॉस्किनच्या हातातलं ताटं सारायचं फावडं थांबलं. "एकेचाळीस नंबर मटणाचा आहे."

"आता बदकाचा."

"असं कसं होईल साहेब? नंबर म्हणजे नंबर."

"नंबर तोच राहतोय ना? तुझा नंबर कुठं बदलतोय? जे द्यायचं ते स्पर्लिंगांना मिळेल. आणि मी दिलं म्हणून बोलू नकोस. त्या माणसाला संकोच वाटेल."

हॉस्किननं यावर विचार केला. नंबर तोच, जागा तीच. कुठंतरी काहीतरी चुकतंय, पण बोट ठेवावं अशी जागा सापडेना. शेवटी त्यानं थर्कलांकडून दोन पेन्स घेतले, मटण बाहेर काढलं आणि बदक आत सारलं. "हे कुठं ठेवू? बाहेर ठेवलं तर मांजर नेईल."

"मी धरतो," थर्कल म्हणाले.

आणि धरून बसले. घरी जाण्यात अर्थ नव्हता. इथं भट्टीच्या भिंतीला पाठ लावली की ऊब फुकट मिळत होती. पिठाच्या पोत्यावर बसून, अर्धकच्च्या मटणाचं ताट आपल्या मफलरमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन, ते मनातल्या मनात डॉर्कसशी बोलू लागले. बघितलंस? म्हणत होतीस ना, तुम्हाला साधं काही देता येत नाही. आता बघ. ती काय उत्तर देईल तेही त्यांना ऐकू येत होतं, आणि त्यावर आपण काय म्हणावं तेही सुचत होतं. अकरा वर्षांत त्यांचं कुणाशी इतकं बोलणं झालं नव्हतं.

दोन वाजता चर्च सुटलं आणि गल्ली बेकरीत घुसली. थर्कल पोती रचली होती त्यांच्या आडोशाला सरकले. स्पर्लिंगची बायको हॅना पुढं होती. बुटकी, तरतरीत, पदरी तीन लेकरं आणि नवऱ्याच्या वाट्याचा सगळा कणखरपणा तिच्याकडं आलेला.

"एकेचाळीस," तिनं बिल्ला ठेवला.

हॉस्किननं ताट काढलं. बदक असं तांबूस, असं चकचकीत भाजलं होतं की मागच्या रांगेतल्या माणसांनी टोप्या काढल्या.

"हे आमचं नाही," हॅना म्हणाली.

"एकेचाळीस आहे," हॉस्किन म्हणाला.

"असेल. मी मटण दिलं होतं. मटणाला पंख फुटत नाहीत, मिस्टर हॉस्किन."

"नंबर बघा बाई. बिल्ला बघा."

"बिल्ला काय बघू? कुणीतरी घरी पोरांना बदक म्हणून सांगून आला असेल बिचारा, आणि त्याच्या ताटात माझं मटण जाईल. कुणाचं आहे हो हे बदक?" तिनं वळून सगळ्यांना विचारलं.

मोह सगळ्यांना झाला, पण नंबर ज्याच्या त्याच्या हातात होता.

"आणि माझं मटण कुठं आहे?"

या प्रश्नाबरोबर हॉस्किनची नजर नको तिकडं गेली. त्याच वेळी पोत्यांच्या आडून मटणाचा रस्सा मफलरमधून झिरपत थर्कलांच्या बुटावरून पुढं आला आणि दुकानाच्या मध्यभागी येऊन थांबला. सगळी गल्ली त्या ओघळाच्या उगमाकडं बघू लागली.

"साहेब?" रांगेतून एडविन स्पर्लिंगचा आवाज आला. "तुम्ही?"

थर्कल मटण घेऊन उभे राहिले.

"अगं बाई," हॅना म्हणाली. "चौदा वर्षं पगारातून खाल्लंत ते पोटभर झालं नाही का, आता ताटातूनही?"

"मी चोरलं नाही. मी त्याच्या जागी बदक ठेवलं. ते बदक माझं आहे. म्हणजे तुमचं आहे. मी तुम्हाला दिलंय."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, आणि मग एकदम थांबले, कारण थर्कल हसत नव्हते.

"कुणाचं चोरलं हे बदक?" हॅनानं विचारलं.

"विकत घेतलं. विचारा क्विलला."

क्विल रांगेत होताच. त्याला पुढं ढकललं गेलं. "घेतलं खरं," तो खाली मान घालून म्हणाला. "माझ्याकडूनच. पण मी आधीच सांगतो, लक्षण बरं नव्हतं. आठ सांगितले, काही बोलले नाहीत. नऊ सांगितले, काही बोलले नाहीत. शेवटी घाबरून मी सातच घेतले."

दुकानात कुजबूज सुरू झाली. चोरी असती तर गल्लीला ती समजली असती. हे त्याहून वाईट काहीतरी होतं. ताटावर वाकून कुणी वास घेतला. बदक ताजं होतं. विषाची शंका निघाली, पण विषाला पैसे पडतात हे लक्षात येऊन ती मागे पडली. मग एडविन पुढं आला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"साहेब, मला काढताय का?"

"कोण म्हणतं?"

"आमच्या थोरल्या भावाच्या मालकानं नाताळला हॅम दिलं होतं, साहेब. एक जानेवारीला दुसरा माणूस त्याच्या खुर्चीत. माझं काय चुकलं ते सांगा. नोव्हेंबरातली ती एक डझन मेणबत्त्यांची चूक मी रात्री बसून दुरुस्त केली."

"अरे, तुला काढत नाही मी. खा ना ते बदक."

"खाल्लं म्हणजे मान्य केलं असं होईल," हॅना मध्ये पडली. "एडविन, हात लावू नकोस. साहेब, तुमचं बदक घ्या आणि आमचं मटण द्या. आमचा माणूस कुठं जाणार नाही."

"मला ते परत नकोय."

"का नको? सात शिलिंगांचं बदक तुम्हाला परत का नको?"

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. पण सगळे थांबून राहिले, तेव्हा थर्कल म्हणाले, "माझी बायको म्हणाली."

मिसेस थर्कलच्या शवपेटीमागून चर्चपर्यंत चालत गेलेली निम्मी माणसं त्या दुकानात उभी होती. हॉस्किननं हळूच एक स्टूल आणलं. "बसा साहेब. पाणी देऊ? डोकं जड झालंय का?"

"मी ठीक आहे."

"हो हो. ठीकच आहात. बसा फक्त."

"कुणाला बोलवायचं का यांच्या?" मागून कुणीतरी विचारलं. "कुणीच नाही हो," दुसऱ्यानं उत्तर दिलं. हॅनाचा आवाजसुद्धा मऊ झाला, आणि हे थर्कलांना सगळ्यात भयंकर वाटलं. ती वाकून म्हणाली, "साहेब, कधीपासून होतंय असं?"

तेवढ्यात दाराबाहेरच्या धुक्यात शिडी खांबाला टेकल्याचा आवाज झाला. बार्नी. दुकानातल्या घड्याळात पावणेतीन झाले होते, पण बाहेर पलीकडची भिंत दिसत नव्हती.

थर्कल स्टुलावरून उठले, माणसं बाजूला सारत बाहेर धावले आणि त्यांनी शिडीला मिठी मारली. "थांब बार्नी. लावू नकोस."

"का?"

"दहा मिनिटं थांब. पाच थांब."

"धुकं बघताय ना? माणसं एकमेकांवर आपटतील."

"आपटू देत. पाच मिनिटं उगाच कशाला जाळतोस?"

बार्नी शिडीवरून खाली वाकला. "साहेब, गॅस कंपनीचा आहे. तुमच्या खिशातला नाही. आता दुसऱ्याच्या गॅसमध्येही काटकसर?"

दारात जमलेल्या गल्लीनं सुस्कारा सोडला. "हां," क्विल म्हणाला, "हे आपले थर्कलसाहेब." हॉस्किननं स्टूल परत आत नेलं. हॅनाच्या आवाजातला मऊपणा गेला, आणि तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "तर मग सरळ बोला, साहेब. वेडे नाही आहात ना? मग किंमत सांगा. या बदकाचं आम्हाला काय पडणार? किंमत नसलेली वस्तू मी घरात घेत नाही. तिचे पैसे नेहमी मागाहून आणि जास्त द्यावे लागतात."

वर बार्नीनं दिवा पेटवायची काठी उचलली होती. एका बाजूला ती काठी, दुसऱ्या बाजूला ही बाई. आणि मध्ये चाळीस वर्षं किंमत विचारली की किंमत सांगणारी जीभ. ती थर्कलांना न विचारताच वळली.

"चार पेन्स," ते म्हणाले.

"तीन," हॅना म्हणाली.

"चार. भाजणावळ मी भरली आहे."

"आणि मटण?"

"मटण मी ठेवून घेतो."

"अरे वा, मटण ठेवून घेताय. मग चारही जास्तच होतात." पण ती हसत होती. तिनं पिशवीतून चार पेन्स मोजून काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले. एडविनच्या गालावर रंग आला. पोरांनी ताट धरायला धाव घेतली. हॅनाचा चेहरा असा खुलला होता की थर्कलांनी तो नीट पाहून घेतला, आणि त्याच क्षणी वर भप्प करून दिवा लागला.

जमलं, असं म्हणत ते मटण घेऊन घराकडं निघाले. पण काहीतरी खुपत होतं. तसं सगळं नीट झालं होतं, चेहरा खुलला होता, वेळेत खुलला होता. मग जिना चढताना पाय असे जड का झाले होते? आज दिवसभर डॉर्कसशी जे भांडण मनात चालू होतं ते आता पुढं कुणाशी करायचं, हे त्यांना कळेना. सुटलात, म्हणाली होती. सुटल्यासारखं काही वाटत नव्हतं.

दार उघडलं, तर ती खुर्चीत बसलेली.

"किती घेतलेत?" तिनं विचारलं.

थर्कलांनी मूठ उघडली. चार नाणी घामानं तळव्याला चिकटली होती.

"फुकट म्हणाले होते मी, मिस्टर थर्कल. फुकट म्हणजे काय, हे तुम्हाला मेल्यावरही शिकवावं लागणार."

"म्हणजे धरलं नाही?"

"नाही. उजवी बाजू अजून कोरीच आहे. चार पेन्स घेतले म्हणजे विक्री झाली. आता बसा मला ऐकत, दर वर्षी."

खात्याचं थर्कलांना कळत होतं. सात शिलिंग गेले, चार पेन्स आले, खेरीज एक मटणाचा खांदा, अर्धा कच्चा. व्यवहार सरळसरळ तोट्याचा होता. तरी त्यांनी तो पुन्हा एकदा मनात फिरवून पाहिला आणि विचारलं, "दर वर्षी म्हणजे, दर नाताळाला?"

"सांगितलं होतं ना."

"आणि पुढच्या वर्षीही मी असाच चुकलो, तर?"

डॉर्कसनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्याकडं कधी असं बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "तर त्याच्या पुढच्या वर्षीही यावं लागेल," ती सावकाश म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

"मटण शिजलेलं नाही," थर्कल म्हणाले. "शेगडी पेटवावी लागेल." आणि त्यांनी वखारीतून एक मेणबत्ती आणली, वाकलेली नव्हे, चांगली, आणि तिच्या ज्योतीवर विस्तव केला.

तेव्हापासून दर नाताळाला हॉस्किनच्या भट्टीत एकेचाळीस नंबरात एक लठ्ठ बदक असायचं, आणि दर नाताळाला थर्कल त्याचे चार पेन्स रोख वाजवून घ्यायचे. गल्लीनं त्यांना हे चार पेन्स कधी माफ केले नाहीत. सात शिलिंग खर्चून चार पेन्स मागतो, एवढा कोता जीव, असं क्विल प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे. वखारीत कोळसा आला, पण गोठलेल्या शाईनं टाक खराब होतात आणि टाकाला पैसे पडतात, असं सांगून. एडविनचा पगार वाढला, त्यासाठी त्याला एक अर्ज आणि त्या अर्जाच्या कागदाची अर्धी पेनी द्यावी लागली.

पाचव्या वर्षी हॅनानं बदकाचं ताट उचललं आणि चार पेन्स दिले नाहीत.

"साहेब," ती आवाज खाली आणून म्हणाली, "मी मूर्ख नाही. हिशेब मलाही येतो. लोक तुम्हाला नावं ठेवतात ते मला आता ऐकवत नाही. यंदा हे बदक तुम्ही फुकट द्या आणि मी सगळ्यांसमोर आनंदानं घेते. झालं ना तुमच्या मनासारखं?"

थर्कलांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बार्नी शिडी घेऊन कोपऱ्यावर आला होता.

"नाही," ते म्हणाले. "चार पेन्स."

"नाही देणार."

"तीन."

"साहेब, अहो, भेट आहे ही."

"दोन. बरं, एक. मिसेस स्पर्लिंग, एक पेनी तरी द्या." शिडी खांबाला टेकली. थर्कलांनी तिच्यापुढं अक्षरशः हात पसरला. "अर्धी द्या हो. तुमच्या पोरांची शपथ. एक फार्दिंग. काहीही द्या."

हॅना गोंधळून त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं पिशवीच्या तळाशी बोटं घातली आणि एक काळवंडलेलं फार्दिंग, पाव पेनीचं नाणं, काढून त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी ते मुठीत घट्ट धरलं आणि भिंतीला टेकून श्वास घेतला. बाहेर दिवा लागला.

"जित्याची खोड," हॅना ताट उचलत नवऱ्याला म्हणाली, "मेल्याशिवाय जायची नाही." आणि तरीही दारातून तिनं दोनदा वळून पाहिलं.

घरी शेगडी पेटलेली होती आणि दोन्ही खुर्च्या तिच्यासमोर होत्या.

"किती?" डॉर्कसनं विचारलं.

"एक फार्दिंग."

"थोडक्यात वाचलात, मिस्टर थर्कल."

"थोडक्यात," थर्कल म्हणाले, आणि बसले.

"पुढच्या वर्षी ती तेवढंही देणार नाही. हुशार आहे. फुकटच मागेल बघा."

"मागू दे," थर्कल शेगडीत कोळसा सारत म्हणाले. "तिला काय वाटलं, मी इतका उदार आहे?"